प्रवाळभिंतीच्या आतलं मॉरिशस

विमान मॉरिशसवर खाली येऊ लागलं की आधी दिसते ती पांढरी रेघ. बेटाच्या काठापासून जरा लांब, भर समुद्रातच, फेसाची एक वाकडीतिकडी रेघ बेटाला जवळजवळ वेढून गेलेली असते. तिच्या बाहेरचं पाणी गडद निळं, आतलं फिकट हिरवं. कुठे कुठे तळाची वाळू वरून दिसावी इतकं नितळ. ती रेघ म्हणजे प्रवाळभिंत. हिंदी महासागराची लाट तिच्यावर येऊन फुटते आणि आत येते ती दम संपलेली. आतल्या उथळ पाण्याला लगून म्हणतात. भिंत सुमारे दीडशे किलोमीटर लांब आहे आणि लगूनचं पाणी जेमतेम अडीचशे चौरस किलोमीटर. मॉरिशसची वाळू, मासळी, किनाऱ्यावरची गावं आणि हॉटेलं, सगळा संसार या भिंतीच्या जिवावर चालला आहे.

माझं आजोळ मालवणचं. तिथे घराच्या आवाराला चिऱ्यांचा गडगा असतो, पावसाळ्यात एखादी बाजू ढासळली की माणसं दगड उचलून पुन्हा रचतात. मॉरिशसचा हा गडगा मात्र जिवंत आहे. काही मिलिमीटरच्या प्राण्यांनी हजारो वर्षं चुना साठवत तो उभा केला आहे, आणि ढासळला तर माणसाच्या हाताने रचता येत नाही. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं, त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं आणि त्या बळावर प्रवाळ चुना घडवतं. म्हणून त्याला स्वच्छ ऊन लागतं, खारं आणि गाळ नसलेलं पाणी लागतं. आणखी एक गोष्ट लागते, ती शेतकऱ्याच्या मनाला उलटीच वाटेल: पाणी निकस लागतं. पाण्यात नत्र-स्फुरद वाढलं की सुकाळ होतो तो मोकळ्या शेवाळ्याचा, आणि प्रवाळ त्याच्याखाली गुदमरतं. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे मॉरिशसच्या भिंतीला खिंडी आहेत, कारण गोड्या, गढूळ पाण्यात प्रवाळ वाढत नाही. त्याच खिंडींतून होड्या आत-बाहेर करतात.

नोव्हेंबर होता. गुलमोहर फुलायला लागला होता आणि ऊसतोडणी संपत आली होती. ज्यांच्याकडे मी उतरणार होते त्या बाई कास्काव्हेलच्या. सगळी हयात त्यांनी मराठी शिकवण्यात घालवली, आता निवृत्त आहेत. विमानतळावर भाचा गाडी घेऊन आला होता आणि बाई स्वतः पुढच्या सीटवर बसलेल्या. मी नमस्कार केला तेव्हा म्हणाल्या, "घरी नंतर जाऊ. विमानतळ इकडे आग्नेयेला, आपलं गाव तिकडे पश्चिमेला. इथपर्यंत आलाच आहात तर माहेबूर आधी बघा. तुम्हाला तेलाचं विचारायचं आहे ना?"

माहेबूर हे जुनं बंदर. ऑगस्ट 1810 मध्ये इथल्या ग्रां पोर्टच्या आखातात फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली आणि फ्रेंच जिंकले. वर्ष संपायच्या आत बेट इंग्रजांकडे गेलं ते गेलंच. गावातल्या संग्रहालयात त्या लढाईचे अवशेष आहेत, ते मी भराभर पाहिले. मला त्याच पाण्यातलं दुसरं जहाज समजून घ्यायचं होतं.

वाकाशिओ. जपानी मालकीचं, पनामाच्या झेंड्याचं, जवळजवळ तीनशे मीटर लांब मालवाहू जहाज. रिकामं होतं, ब्राझीलकडे निघालं होतं. 25 जुलै 2020 च्या संध्याकाळी ते पॉइंत देस्नीसमोर प्रवाळभिंतीवर चढलं. जहाजावर कुणाचा तरी वाढदिवस होता आणि घरच्यांशी बोलायला मोबाईलचं नेटवर्क मिळावं म्हणून ते किनाऱ्याच्या इतकं जवळ आणलं होतं, असं पुढे चौकशीत निघालं. कप्तान आपल्या देशाचा होता. डिसेंबर 2021 मध्ये मॉरिशसच्या न्यायालयाने त्याला आणि श्रीलंकेच्या पहिल्या अधिकाऱ्याला वीस-वीस महिन्यांची शिक्षा दिली.

जहाज अडकलं त्या दिवशी तेल सांडलं नव्हतं, ही गोष्ट माहेबूरचे लोक अजून विसरलेले नाहीत. बारा दिवस ते तिथे उभं होतं. माल नव्हता, पण स्वतःला लागणारं सुमारे चार हजार टन इंधन टाक्यांत होतं. जुलै-ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा, आग्नेयेचे वारे जोरात असतात. प्रत्येक लाट जहाज थोडं उचलायची आणि भिंतीवर आपटायची. 6 ऑगस्टला इंधनाची टाकी फुटली. सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये आलं आणि त्याच वाऱ्याने ते थेट किनाऱ्याकडे ढकललं. उरलेलं तेल जहाज दुभंगायच्या आत बहुतांश उपसून काढलं गेलं. 15 ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले.

तेल नव्या जातीचं होतं. हवा कमी बिघडावी म्हणून 2020 च्या सुरुवातीपासून जगभरच्या जहाजांना कमी गंधकाचं इंधन बंधनकारक झालं, त्यातलंच हे. हवेसाठी केलेला नियम योग्यच आहे. पण हे इंधन पाण्यात सांडल्यावर कसं वागतं, प्रवाळावर आणि कांदळवनावर काय करतं, याचा अनुभव जगात कुणाच्याच गाठीला नव्हता. तो धडा मॉरिशसच्या लगूनमध्ये गिरवला गेला.

बाई आम्हाला गावाच्या धक्क्यावर घेऊन गेल्या. आता तिथे बाकं आहेत, मुलं सायकली फिरवतात. "इथे आम्ही बसलो होतो शिवायला," त्या म्हणाल्या. "ऊस नाही असं गाव आमच्याकडे शोधावं लागतं. पाचट कुठेही मिळतं. ट्रक भरभरून पाचट आलं." जाळीदार कापडाच्या लांबच लांब नळ्या शिवायच्या, त्यांत वाळलेलं पाचट ठासायचं, मधून मधून बूच लावलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या घालायच्या म्हणजे नळी तरंगते, आणि तोंड शिवून टाकायचं. अशा नळ्या एकमेकींना बांधून मच्छीमार होडीने ओढून न्यायचे आणि तेलापुढे आडव्या लावायचे. पाचट तेल धरून ठेवतं. केशकर्तनालयांतून केसांची पोती आली, कारण केसही तेल धरतात. बाईंनी हातांनी मला माप दाखवलं: वाव-दोन वाव शिवून झालं की पुढच्या बाईकडे सरकवायचं. सुई जाड लागायची, कापड राठ होतं, बोटांना फोड यायचे. तेलाच्या वासाने डोकं धरायचं. सरकारने लोकांना पाण्यापासून दूर राहायला सांगितलं होतं. लोक राहिले नाहीत. माहेबूरची इको-सूद ही संस्था आणि हजारो स्वयंसेवक दिवसरात्र राबत होते. जगाकडून मदत आली. भारतानेही 16 ऑगस्टला हवाई दलाच्या विमानाने तीस टन साहित्य आणि तटरक्षक दलाचं दहा जणांचं पथक पाठवलं. पण पहिल्या दिवसांत तेलासमोर उभं राहिलं ते हे पाचट, आणि ते शिवणाऱ्या बायका.

धक्क्यावरच बाईंच्या ओळखीचे एक म्हातारे मच्छीमार भेटले. ते क्रिओलमध्ये बोलत होते आणि भाचा मला सांगत होता. लगूनमध्ये मासेमारीला बंदी आली, ते दिवस त्यांनी भरपाईच्या पैशांवर काढले. बंदी उठली तेव्हा मासा होता. "मासा आला," ते म्हणाले, "पण गिऱ्हाईक मासा हातात घ्यायचं आणि विचारायचं, कुठला? माहेबूरचा म्हटलं की खाली ठेवायचं." मग त्यांनीच आम्हाला त्यांच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने नेलं. ओहोटी लागली होती. कांदळाची झाडं मुळांवर उभी होती, मालवणच्या खाडीत असतात तशीच. मॉरिशसला कांदळवनाच्या दोनच जाती आहेत आणि त्यातली ही मुख्य. वर पाहिलं तर सगळं हिरवंगार. म्हाताऱ्यांनी होडी थांबवली, वल्ह्याचं टोक मुळांमधल्या चिखलात वीतभर खुपसलं आणि ढवळून वर काढलं. खड्ड्यात पाणी भरलं. त्यावर आधी काहीच नव्हतं. मग एक पातळ तवंग उमटला, जांभळा, निळा, कडेला पितळी. हळूहळू पसरत मुळाला जाऊन टेकला. ते काही बोलले नाहीत. वल्हं पाण्यात धुतलं आणि होडी पुढे काढली.

तो तवंग त्या जहाजाचाच असेल असं मी नुसत्या डोळ्यांनी बघून छातीठोक म्हणणार नाही. चिखलात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याचाही तवंग येतो. पण गळतीनंतर दोन वर्षं उलटून गेल्यावरही इथल्या कांदळवनाच्या गाळात शास्त्रज्ञांना वाकाशिओच्याच तेलाचे अंश मिळाले आहेत. वाळूवरचं तेल खरवडता येतं, खडकावरचं धुता येतं. कांदळाच्या चिखलात प्राणवायू नसतो, तिथे तेल मुरलं की ते खाणाऱ्या जिवाणूंचं काम फार मंद चालतं. आणि माशांची पिल्लं वाढतात ती नेमकी याच मुळांमध्ये.

जहाजाचा पुढचा तुकडा 24 ऑगस्टला खोल समुद्रात नेऊन बुडवला, पर्यावरणवाल्यांचा विरोध असताना. मागचा तुकडा भिंतीवरच तोडत तोडत काढायला 2022 चा जानेवारी उजाडला. 2020 च्या त्या ऑगस्टच्या अखेरीस किनाऱ्यावर मेलेले डॉल्फिनच्या जातीचे देवमासे सापडायला लागले, पन्नासच्या आसपास. तेलाशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नाही. लोकांच्या मनाला मात्र ते पटलं नाही आणि 29 ऑगस्टला राजधानी पोर्ट लुईचे रस्ते काळे कपडे घातलेल्या माणसांनी भरून गेले. मॉरिशससारख्या शांत देशात एवढी गर्दी लगूनसाठी रस्त्यावर येते, याचं मला फार अप्रूप वाटतं. मुंबईच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या वाहून येतात, आपण चपला सांभाळत घरी जातो.

पॉइंत देस्नीसमोरच इल ओ एग्रेत नावाचं चिमुकलं बेट आहे, सव्वीस हेक्टरचं, प्रवाळाच्या चुनखडीचं. मॉरिशसचा मूळचा किनारी रानवा आता जवळपास इथेच उरला आहे. गुलाबी कबूतर इथे सहज दिसतं. 1990 च्या सुमारास रानात ही कबुतरं दहाच्या आसपास उरली होती, आज पाचशेच्या घरात आहेत. जिथे डोडो संपला त्या देशाने हे करून दाखवलं आहे. तेल आलं तेव्हा कार्यकर्त्यांनी रोपवाटिकेतली दुर्मिळ रोपं हलवली, आणि आसपासच्या बेटांवरच्या, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या पाली-सरड्यांच्या जातींतले काही जीव थेट इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर धाडून दिले, वंश तरी राहावा म्हणून.

दक्षिणेला ब्लू बेचं सागरी उद्यान. हे वाकाशिओच्या अगदी जवळ, पण तेल बहुतांशी उत्तरेकडे वाहत गेलं म्हणून वाचलं. 353 हेक्टरचं हे पाणी 2008 पासून रामसर यादीत आहे. काचेच्या तळाच्या होडीतून मेंदूसारख्या वळ्या असलेलं एक प्रवाळ दाखवतात, ते हजार वर्षांचं असावं असं सांगतात. पाण्यात उतरले तेव्हा माझ्या डोळ्यांत भरलं ते वेगळंच. शिंगांसारख्या फांद्यांचं प्रवाळ होतं. फांद्यांची टोकं फिकट जांभळी, जिवंत. टोकापासून चार बोटं खाली रंग संपत होता, आणि त्याखाली प्रत्येक फांदीवर तपकिरी लव होती. बोट न लावता जवळून पाहिलं. लवेत बारीक गाळ अडकलेला, आणि एक बोटभर लांबीचा मासा येऊन तेवढाच भाग टोचत होता, खात होता, पुन्हा येत होता.

भिंतीला धोका एकट्या तेलाचा नाही. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त आणि तेही काही आठवडे टिकलं, तर एवढं पुरतं. 1998 मध्ये हिंदी महासागरातली प्रवाळं ठिकठिकाणी मेली. मॉरिशस त्या मानाने थोडक्यात वाचलं, कारण त्या फेब्रुवारीत अनासेल नावाचं चक्रीवादळ आलं. त्याच्या ढगांनी ऊन अडवलं आणि पाणी निवलं. बेटाचे लोक वादळाला घाबरतात, आणि त्याच वादळाने त्यांची भिंत वाचवली. 2016 ला असं कोणी धावून आलं नाही. एप्रिल 2024 मध्ये तर जगभरातल्या प्रवाळांची चौथी सार्वत्रिक धवल-आपत्ती जाहीर झाली. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं. पाणी लवकर निवलं आणि स्वच्छ असलं तर शैवाल परततं, प्रवाळ सावरतं. मेलेल्या, उघड्या पडलेल्या भागावर शेवाळ्याने आधी ताबा मिळवला तर नवं प्रवाळ तिथे रुजायचं कठीण. तापलेला महासागर एकट्या मॉरिशसला थंड करता येणार नाही. लगूनमध्ये काय सोडायचं हे मात्र पूर्णपणे मॉरिशसच्या हातात आहे.

आणि लगूनमध्ये काय काय उतरतं हे मला कळलं ते कास्काव्हेलला.

पश्चिमेकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. मध्येच काळ्या दगडांचे ढीग, काही तर दोन पुरुष उंच, नीट रचलेले. बेट ज्वालामुखीचं आहे, जमिनीत बसाल्टच बसाल्ट. ऊस लावायचा तर आधी ते दगड वेचावे लागले, आणि ते वेचले मजुरांनी. 1834 पासून गिरमिटिया म्हणून साडेचार लाखांच्या आसपास माणसं भारतातून इथे आणली गेली. पोर्ट लुईला ज्या घाटावर ती उतरली तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. मुंबई बंदरातून आलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचे बरेच. त्यांची वस्ती या बाजूला झाली. कास्काव्हेल आजही मराठी लोकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी इथे झाकरी नावाने अजून नाचली जाते. बाईंच्या अंगणात उभं राहिलं की उतारावरून ऊस आणि त्यापलीकडे फ्लिक-आं-फ्लाकच्या लगूनची निळी पट्टी दिसते.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "माझे आजोबा त्या शेतात राबले. खत हाताने टाकायचे, पोतंच्या पोतं. कुणाला ठाऊक होतं ते कुठे जातंय?"

ते कुठे जातं हे आता ठाऊक आहे. मध्यावरचं पठार, क्युरपीप आणि व्हाकोआ, तिथे पाऊस धो धो पडतो. पश्चिम किनारा त्या मानाने कोरडा. पठारावरचं पाणी सगळं नद्यांनी येत नाही. ज्वालामुखीच्या भेगाळ, सच्छिद्र खडकात ते मुरतं आणि जमिनीखालून उताराने समुद्राकडे चालू लागतं. क्युरपीप, व्हाकोआ ते फ्लिक-आं-फ्लाक असा हा बेटाच्या मोठ्या भूजलसाठ्यांपैकी एक. त्याचं पाणी विहिरींतून प्यायला, शेतीला उपसतात. उरलेलं लगूनच्या तळातून समुद्रात वर येतं. 2005 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्यातल्या रेडॉन वायूचा माग काढत फ्लिक-आं-फ्लाकच्या लगूनमध्ये हे गोडं पाणी मोजलं. जमिनीवरच्या शेतात टाकलेल्या खतातलं नत्र याच वाटेने, कुणाला न दिसता, थेट प्रवाळापर्यंत पोचतं. वाटेत त्याला गाळणारं कांदळवन नाही, नदीकाठची झाडी नाही.

आणि एकटं खतच नाही. मॉरिशसची साधारण पाव घरंच सांडपाण्याच्या मुख्य वाहिनीला जोडलेली आहेत. बाकीच्यांचे सेप्टिक टँक आणि शोषखड्डे. त्याच भेगाळ खडकात. ऊस एके काळी ऐंशी हजार हेक्टरांवर होता, तो आता निम्म्यावर आला आहे. खताचा भार त्यामानाने उतरला असेल, पण रिकाम्या झालेल्या रानांवर बंगले आणि वसाहती उभ्या राहत आहेत. कास्काव्हेलच्या उसालगत आता मोठा मॉल आहे. बांधकामाची लाल माती पावसात सुटते आणि लगूनचं पाणी गढूळ होतं. पूर्वी प्रवाळ भाजून चुना करायचे, लगूनची वाळू उपसून बांधकामाला वापरायचे. वाळूउपसा 2001 मध्ये बंद झाला हे देशाने फार चांगलं केलं. दिसणारं नुकसान थांबवता येतं. न दिसणाऱ्याचं काय करायचं, हा आता खरा प्रश्न आहे.

"तुम्हाला दाखवतो," भाचा म्हणाला. तो पाणबुड्या, पर्यटकांना समुद्रात नेतो. सकाळी भरती उतरल्यावर आम्ही फ्लिक-आं-फ्लाकच्या वाळूवरून पाण्यात शिरलो. पाणी कोमट, कमरेएवढं, मग छातीएवढं. मुखवटा लावून पोहत निघालो. एका जागी त्याने हात वर करून थांबवलं. तळाला काळ्या बसाल्टची एक लांबट भेग होती, तळहात जाईल एवढी. तिच्या वरचं पाणी थरथरत होतं. दगड, वाळू, माझीच बोटं, सगळं वितळल्यासारखं हलताना दिसत होतं. गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं तेव्हा दोन्हींतून प्रकाश वेगळा वाकतो. मी हात भेगेवर धरला. थंड. अगदी विहिरीचं पाणी. वरच्या कोमट समुद्रात पोट आणि हात पठारावरच्या पावसात. भेगेच्या दोन्ही कडांना हिरवं शेवाळं पानापानांनी माजलं होतं, चकचकीत, सशक्त. दोन-तीन हातांपलीकडे एक प्रवाळाचा गोळा होता, अर्धा जिवंत. शेवाळ्याची बाजू मेलेली होती.

हे झरे वाईट नाहीत. ते माणसाच्या आधीपासून आहेत, काही मासे त्यांच्याभोवतीच जमतात. पूर्वी त्यांतून पावसाचं पाणी यायचं, आता पावसासोबत माणसाचं सगळं येतं.

शेवाळं खाणारे मासे आणि इतर जीव भरपूर असतील तर लगून बरंच सोसू शकतं. पोपटमासा, शस्त्रमासा, समुद्री साळू, हे सगळे प्रवाळाचे रखवालदार. म्हणून मासेमारीचा प्रश्न पाण्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. इथे मला एक आशेची गोष्ट कळली ती रॉद्रिगची. मॉरिशसच्याच ताब्यातल्या या बेटावर बायका ओहोटीला लोखंडी सळई घेऊन खडपांतून माखूल धरतात, आठ पायांचं. पकड घटत चालली तेव्हा 2012 पासून त्यांनी वर्षातले काही आठवडे ती पूर्ण बंद ठेवली. बंदी उठली तेव्हा माखलं वजनदार मिळाली, आणि ज्यांचं पोट त्यावर त्याच बायका बंदीच्या राखणदार झाल्या. 2016 पासून मॉरिशसनेही दर वर्षी 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर माखूल धरायला मनाई केली आहे. लगून संधी दिली तर भरून येतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

बाईंच्या घरी गणपती मातीचा असतो, घराच्या मागच्या मातीचा. 2020 साली तेल सांडलं त्याच महिन्यात चतुर्थी आली. "आमच्या बाजूला तेल नव्हतं," त्या सांगत होत्या, "तरी विसर्जनाला पाण्यात उतरले तेव्हा पाय थबकले. वाटलं, देव कुठे ठेवतेय मी? त्या वर्षीपासून निर्माल्य पाण्यात टाकत नाही. अंगणात पुरते." दूर माहेबूरच्या तेलाने कास्काव्हेलच्या एका बाईची रीत बदलली. मला हे जहाज, न्यायालय आणि भरपाई यांहून मोठं वाटलं.

वाकाशिओचं तेल सगळ्या जगाने पाहिलं, कारण ते काळं होतं आणि एका दिवसात आलं. उसाचं नत्र, शोषखड्ड्यांचं पाणी, बांधकामाची माती हे सगळं रोज येतं, ते काळं नाही आणि त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही. माझ्या मते मॉरिशसच्या भिंतीला जहाजापेक्षा हा रोजचा भार जास्त महाग पडणार आहे, आणि तापलेल्या समुद्राशी झुंजायची तिची ताकद तोच आधी काढून घेतो आहे. उलट बाजूने पाहिलं तर हाच भार बेटाच्या लोकांना कमी करता येण्यासारखा आहे: खत मोजून टाकणं, सांडपाणी शुद्ध करूनच जमिनीत सोडणं, किनाऱ्याची कांदळं आणि पाणथळ जागा बांधकामातून वाचवणं.

महाराष्ट्रातून दर वर्षी कितीतरी जोडपी, कुटुंबं मॉरिशसला जातात. तुम्ही जाल तेव्हा प्रवाळावर पाय देऊ नका. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे आणू नका, कायद्यानेही ते चालत नाही. होडीवाला नांगर टाकायला लागला तर त्याला बोयाला बांध म्हणून सांगा. आणि हॉटेल ठरवताना समुद्र किती पावलांवर आहे हे विचाराल, तेव्हा त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचारा: तुमचं सांडपाणी कुठे जातं? उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरं हॉटेल बघा.